केलेले जाणावे

माघ सरू लागला की थंडीचा जोर ओसरतो. पहाटेचे धुके विरळ होते, शिशिराने ओक्याबोक्या केलेल्या रानात पळस फुलू लागतो आणि घरोघरी पांघरुणांची आवराआवर सुरू होते. गोधड्या, वाकळा, रजया धुऊन अंगणात किंवा गच्चीत उन्हात घातल्या जातात. लहान मुलांच्या कानटोप्या आणि लोकरी अंगडी घडी करून पेटीत जातात. पुढच्या थंडीपर्यंत मूल वाढलेले असेल व ते अंगडे धाकट्या भावंडाला होईल, असा हिशेबही त्या घडीबरोबर मनात बसतो.

जी वस्तू आपले रक्षण करते ती रक्षण करीत असताना सहसा डोळ्यांत भरत नाही. थंडीच्या रात्री गोधडीत शिरणाऱ्या मुलाला ऊब तेवढी कळते, गोधडी दिसत नाही. तीच गोधडी दोरीवर पसरली म्हणजे तिचा उभा-आडवा पट उजेडात येतो. आजीचे जुने लुगडे, आईची विटलेली साडी, आजोबांचे धोतर असे थर एकावर एक घालून ती शिवलेली असते. दुपारची कामे उरकल्यावर, डोळ्यांना ताण देऊन, कोणीतरी धावदोऱ्याचे शेकडो टाके घातलेले असतात. हिवाळाभर ज्या कष्टाच्या आश्रयाने घर झोपले, तो कष्ट हिवाळा संपल्यावर नजरेस पडतो.

‘कृतज्ञता’ हा शब्द निबंधांत आणि सभांत पुष्कळ वापरला जातो; पण तो फोडून क्वचितच पाहिला जातो. ‘कृत’ म्हणजे केलेले आणि ‘ज्ञ’ म्हणजे जाणणारा. दुसऱ्याने केलेले जो जाणतो तो कृतज्ञ. आणि केलेल्याचा जो नाश करतो, ते जणू घडलेच नाही असे वागतो, तो कृतघ्न. या शब्दाच्या घडणीत हात जोडणे नाही की गोड बोलणे नाही; आहे ते केवळ जाणणे. म्हणून कृतज्ञता ही प्रथम डोळ्यांची सवय होय. मग ती मनाची भावना होते आणि अखेरीस हातांचे काम होते. हा क्रम चुकला, पाहण्याआधीच बोलणे सुरू झाले, की तिचा नुसता शिष्टाचार उरतो.

लहान मुले असलेल्या घरात पाहण्यासारखे किती असते! पठारावरच्या गावांत हिवाळा चांगलाच बोचतो. नाशिक जिल्ह्यातील निफाडच्या परिसरात तर पारा अनेकदा पाच अंशांच्याही खाली उतरला आहे. अशा रात्री तान्ह्या मुलाचे नाक चोंदते, त्याला दूध ओढता येत नाही आणि ते रडू लागते. आई त्याला उभे धरून बसून राहते. वडील इतरांची झोप मोडू नये म्हणून पावले न वाजवता स्वयंपाकघरात जाऊन पाणी गरम करतात. सकाळी आजी तेल कोमट करून बाळाच्या तळपायांना चोळते. थोरल्या बहिणीने आपली वेणी आपणच घातलेली असते, कारण आईचे दोन्ही हात गुंतलेले असतात. यांतील एकाही गोष्टीची नोंद कोणत्याही वहीत होत नाही.

त्या रात्री दमलेल्या आईबापांना कृतज्ञ राहण्याचा उपदेश करणे हे निष्ठुरपणाचे ठरेल. जागरणाने डोळे चुरचुरत असताना मनुष्य आला क्षण निभावून नेतो, एवढेच पुष्कळ. परंतु ऊन तापू लागते, खोकला थांबतो, परवापर्यंत दुपट्यात गुंडाळलेले मूल ओसरीवरून रांगत उंबऱ्यापर्यंत येते. आणि मग मागे वळून पाहण्याइतकी उसंत मिळते. त्या वेळी आईबापांना उमगते की, आपण मुलाला जसे सांभाळले तसे मुलानेही आपल्याला सांभाळले. सकाळी उठून ते निर्मळपणे हसले नसते, तर त्या रात्री याहून कितीतरी जड झाल्या असत्या. घरातील देणे-घेणे असे दोन्ही बाजूंनी चालते.

येथे कोणी म्हणेल की, घरच्या माणसांचे आभार कसले मानायचे? मराठी घरात आई पान वाढते तेव्हा मुलगा ‘आभारी आहे’ असे म्हणत नाही. म्हणालाच तर आईला ते परकेपणाचे वाटेल. या आक्षेपात तथ्य आहे. ‘आभार’ या शब्दातच भार आहे, आणि जिथे जिव्हाळा आहे तिथे भार मोजू नये अशी आपली रीत आहे. परंतु या रीतीचा अर्थ नीट लावला पाहिजे. घरात शब्दांची सूट आहे, जाणण्याची नाही. उलट, शब्द नसल्यामुळे जाणल्याची खूण कृतीतून पटवण्याची जबाबदारी वाढते.

ही जबाबदारी पुष्कळ घरांत पाळली जात नाही, हे कटू असले तरी खरे आहे. आईची थोरवी गाणारी भाषणे मुले पाठ करतात. पण भाषणाला टाळ्या मिळवून घरी आलेला मुलगा आपले ताट तिथेच टाकून उठतो आणि ते आई उचलते. स्तुती हा फेडण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. स्त्रियांच्या वाट्याला आपल्याकडे स्तुती भरपूर आली आणि मदत थोडी आली. भिजलेली जड गोधडी पिळताना आईच्या हातातले दुसरे टोक जो धरतो, त्याने काही न बोलता कृतज्ञतेचा अर्थ जाणला असे समजावे. हे टोक धरण्याचे काम मुलींचे आणि पाहत राहण्याचे काम मुलग्यांचे, असा भेद करण्याला तर काहीच आधार नाही.

केलेले जाणणे म्हणजे काय, याचा उत्तम नमुना साने गुरुजींनी मराठी वाचकांना दिला आहे. ‘श्यामची आई’ हे पुस्तक त्यांनी १९३३ च्या फेब्रुवारी महिन्यात, नाशिकच्या कारागृहात, अवघ्या पाच दिवसांत लिहिले. त्यांची आई त्यापूर्वी कित्येक वर्षे निवर्तली होती. तरीही लेखणी अडली नाही, कारण लहानपणी आईने काय काय केले हे त्यांच्या डोळ्यांनी बारकाईने टिपून ठेवले होते. त्या पुस्तकाचे बळ आईला लावलेल्या विशेषणांत नाही. तिच्या रोजच्या लहानसहान कृत्यांच्या आठवणींत आहे. मात्र त्याबरोबर एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आई गेल्यावर लिहिलेला ग्रंथ आईला वाचता येत नाही. ज्यांची माणसे अजून घरात वावरत आहेत, त्यांनी ही संधी दवडू नये.

घरातल्या माणसांचे केलेले निदान दिसू तरी शकते. याहून अवघड आहे ते, जे घडले नाही त्याची जाणीव ठेवणे. मूल हिवाळ्यातून सुखरूप बाहेर पडले, ही गोष्ट आज बहुतेक घरांना स्वाभाविक वाटते. ती नेहमीच तशी नव्हती. १९७१ साली भारतात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी सुमारे १२९ बालके वर्षाची होण्याआधीच दगावत. २०२० साली ही संख्या २८ वर आली. देवीचा रोग १९७५ साली भारतातून नाहीसा झाला. मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त झाल्याचे प्रमाणित करण्यात आले. हे आपोआप घडलेले नाही. लसीची थंड पेटी खांद्याला लावून वाड्या-वस्त्या पालथ्या घालणाऱ्या परिचारिका, अंगणवाडीच्या सेविका, आशा कार्यकर्त्या आणि प्रयोगशाळांतून आयुष्य वेचणारे शास्त्रज्ञ यांचे ते काम आहे. अंगणात धावणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पायांत अशा अनोळखी माणसांची पावले मिसळलेली आहेत. आणि २८ हा आकडाही लहान नव्हे. त्यातले प्रत्येक मूल कोणाच्या तरी घरचे होते. म्हणून समाधान मानून थांबता येणार नाही.

फाल्गुनात होळी येते, चैत्रात गुढीपाडवा येतो, आणि मुलांच्या गळ्यात साखरेच्या गाठी पडतात. हिवाळ्याला निरोप देणारा हा गोडवा कोठून येतो? दिवाळीच्या सुमारास बीड व आसपासच्या जिल्ह्यांतून हजारो कुटुंबे ऊस तोडण्यासाठी घरे सोडून बाहेर पडतात. उसाच्या फडाजवळ पाचटाच्या किंवा ताडपत्रीच्या कोपीत ती सारा हिवाळा काढतात. आईबाप पहाटेच्या अंधारात कोयता घेऊन निघतात. बरोबर आलेली मुले धाकट्यांना राखत थंडीत बसतात, आणि पुष्कळांची शाळा त्या काळात सुटते. एका मुलाच्या गळ्यातील गाठीसाठी दुसऱ्या मुलाने आपला हिवाळा उघड्यावर काढलेला असतो. हे ज्याने जाणले त्याला साखर कडू लागावी असे नाही. पण चैत्रात ते मूल शाळेत परतले, तर त्याला बाकावर आपल्या शेजारी जागा द्यावी, मागे पडलेले धडे दाखवावेत, आणि ते मागे का पडले हे मोठ्यांना विचारावे, इतके तरी त्याला सुचले पाहिजे.

कृतज्ञतेची परीक्षा यातच आहे. जी जाणीव घराच्या उंबऱ्याशी थांबते, तिला आपल्या सुखाविषयीचा आनंद म्हणता येईल. कृतज्ञता म्हणता येणार नाही. मात्र तिचा आरंभ उंबऱ्याच्या आतच होतो. जे मूल आईचे जागरण, वडिलांची हलकी पावले आणि बहिणीने आपणच घातलेली वेणी पाहण्यास शिकते, तेच पुढे परिचारिकेचा आणि ऊसतोड मजुराचा कष्ट पाहू शकते. मोठ्यांनी ते शिकवण्यासाठी उपदेश करण्याची गरज नाही. घरातील वडील माणसे एकमेकांचे केलेले जाणतात, हे मुलाला रोज दिसले म्हणजे पुरे.