आकडा एकटा फिरू नये



मुलांच्या प्रकल्पवह्या तपासताना ‘संदर्भ’ या मथळ्याखाली हल्ली एकच नाव सर्रास आढळते, ते म्हणजे विकिपीडिया. २००१ साली इंग्रजीत सुरू झालेला आणि २००३ पासून मराठी व हिंदीतही असलेला हा ज्ञानकोश कोणालाही वाचता येतो आणि त्यात कोणालाही भर घालता येते. मुलांनी तो वाचू नये, असे मी मुळीच म्हणणार नाही. मात्र त्यातल्या एका गोष्टीबद्दल सावध करावेसे वाटते. ती म्हणजे गुन्ह्यांचे आकडे.

एखाद्या नदीची लांबी चुकीची छापली गेली, तर नदी काही रागावत नाही. गुन्ह्यांचा आकडा चुकला, तर एखादे शहर, एखादा प्रांत, कधी कधी एखादा समाज विनाकारण बदनाम होतो. शिवाय असा लेख अनेक हातांनी लिहिलेला असतो. वरचा परिच्छेद एकाने एका वर्षीच्या आकड्यांवर लिहिला, खालचा तक्ता दुसऱ्याने तीन वर्षांनी भरला, बाजूची चौकट तिसऱ्याने बदलली. मग एकाच पानावर एकाच शहराचे तीन दर दिसतात. तिन्ही खरे असू शकतात, पण वाचणाऱ्याच्या पदरी गोंधळच पडतो.

आपल्या देशात हे आकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडून येतात. या विभागाची स्थापना १९८६ ची; ‘क्राइम इन इंडिया’ हा वार्षिक अहवाल मात्र १९५३ सालापासून निघतो. अहवालात मोजणीचे नियम दिलेले असतात. एका तक्रारीत अनेक गुन्हे नोंदले गेले, तर त्यांतला सर्वांत गंभीर गुन्हाच मोजला जातो. नोंदवलेले गुन्हे वाढले म्हणजे गुन्हेगारीच वाढली असे समजू नये, असेही हा विभाग सांगतो. जिथे पोलीस तक्रार तत्परतेने लिहून घेतात, तिथे आकडा फुगतो. हे नियम सोडून नुसता आकडा उचलला, की अनर्थ ओढवतो.

२०२० चे उदाहरण घ्या. दर लाख लोकसंख्येमागे गुन्ह्यांचे प्रमाण २०१९ मध्ये ३८५.५ होते, ते २०२० मध्ये ४८७.८ झाले. नुसते एवढेच लिहिले, तर देशात हाहाकार उडाला असे वाटेल. प्रत्यक्षात सरकारी आदेश मोडल्याचे गुन्हे (तेव्हाचे कलम १८८) २९,४६९ वरून ६,१२,१७९ वर गेले होते. ते टाळेबंदीचे वर्ष होते. खुनांचा आकडा २८,९१५ वरून २९,१९३ वर, म्हणजे जेमतेम एक टक्का वाढला होता.

दुसरी अडचण लोकसंख्येची. राज्याचा दर त्या त्या वर्षीच्या अंदाजित लोकसंख्येवर काढतात. २०२२ च्या अहवालात वीस लाखांवरच्या १९ महानगरांचा दर मात्र २०११ च्या जनगणनेवर काढलेला आहे. त्या १९ महानगरांत आपले इंदूरही आहे आणि तिथे त्याची लोकसंख्या २१.७ लाख धरली आहे. शहर कितीतरी वाढले, भागाकार मात्र जुनाच राहिला. तेव्हा इंदूरचा दर आणि मध्य प्रदेशाचा दर शेजारी शेजारी मांडून तुलना करणे योग्य नाही. याउलट कोणी शहरातल्या गुन्ह्यांना सुमारे ३२.८ लाखांच्या जिल्ह्याच्या लोकसंख्येने भागले, तर दर एक तृतीयांशाने उतरतो. एकही गुन्हा कमी न होता शहर सज्जन ठरते!

तिसरी अडचण सीमेची. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळे झाले. त्याआधीचा मध्य प्रदेशाचा आकडा आणि नंतरचा आकडा एकाच रेघेत जोडला, तर राज्यात रामराज्य अवतरल्यासारखे दिसेल. हैदराबादकडच्या आपल्या बांधवांना २०१४ नंतरच्या आंध्र आणि तेलंगणाच्या आकड्यांत हीच काळजी घ्यावी लागते.

चौथी अडचण आपल्या घरातली आहे, ती म्हणजे भाषेची. माझे शिक्षण हिंदी माध्यमात झाले, म्हणून हे चटकन लक्षात येते. कायद्याच्या हिंदीत ‘लूट’ म्हणजे मराठीतली जबरी चोरी, आणि ‘डकैती’ म्हणजे दरोडा. दरोड्याला पाच किंवा अधिक माणसे लागतात. हिंदीतले ‘व्यपहरण’ मराठी कायद्यात ‘अपनयन’ होते. आपली मुले हिंदी पानावरून मराठी पानावर मजकूर नेतात, तेव्हा ‘लूट’चे भाषांतर ‘दरोडा’ केले, की एका क्षणात शहरात शेकडो दरोडे पडतात. आता तर १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाल्याने कलमांचे क्रमांकही बदलले आहेत. खुनाचे ३०२ आता १०३ झाले. जुन्या आणि नव्या वर्षांचे तक्ते जोडताना हेही पाहावे लागेल.

मग करायचे काय? माझे म्हणणे सोपे आहे. गुन्ह्यांचा आकडा कधीही एकटा फिरू नये. त्याच्याबरोबर वर्ष, अहवालाचे नाव, कोणता भाग धरला ते, आणि कोणत्या लोकसंख्येने भागले ते, ही चार माणसे असलीच पाहिजेत. नवा अहवाल आला, तर एकच आकडा बदलून मोकळे होऊ नये. परिच्छेद, तक्ता आणि चौकट तिन्ही एकदम बदलावीत. ते जमत नसेल, तर जुने वर्ष तसेच ठेवावे. जुना पण साल लिहिलेला आकडा हा नव्या पण अर्धवट आकड्यापेक्षा बरा.

काही पालक म्हणतील, कोवळ्या मुलांना गुन्ह्यांचे आकडे कशाला? पण वर्तमानपत्रातून आणि मोबाइलवरून ते आकडे मुलांपर्यंत पोहोचतातच. ते पारखायला शाळेने नाही शिकवायचे, तर कोणी?

खरा मोह वेगळाच असतो. आपल्या गावाचा वाईट आकडा गुपचूप पुसावा आणि दुसऱ्या गावाचा ठळक करावा. ‘आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून’ ही म्हण आपल्या वाडवडिलांनी उगाच केली नाही. इंदूरवर प्रेम असणे ही चांगली गोष्ट आहे. ते प्रेम आकडा लपवण्यात नसून तो नीट मांडण्यात दिसावे.

म्हणून नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना माझी सूचना आहे, की गणिताच्या आणि मराठीच्या शिक्षकांच्या देखरेखीखाली आपल्या शहराचा एक लेख निवडा. त्याचे मराठी, हिंदी आणि इंग्रजी पान समोरासमोर ठेवा. आकडे कुठे जुळत नाहीत, ते मूळ अहवालाशी ताडून पाहा. ‘इतिहास पहा’ या दुव्यावर कोणी काय बदलले ते दिसते. शंका असेल तर ‘चर्चा’ पानावर आधी विचारा, नंतरच बदल करा. टक्केवारी शिकण्याचा याहून चांगला तास नाही, आणि न्यायाने बोलायला शिकण्याचाही.