होकायंत्र शोभेचे नाही



जीपीएसच्या काळात जहाजावरचे चुंबकीय होकायंत्र केवळ परंपरेपोटी उरले आहे, असे म्हणणारे पत्र मागील अंकात वाचले. हे म्हणणे साफ चुकीचे आहे.

सोलास या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या प्रकरणातील १९वा नियम पाहावा. जहाज लहान असो वा मोठे, त्यावर नीट जुळवलेले चुंबकीय होकायंत्र किंवा तेच काम करणारे दुसरे साधन हवे. पर्यायाची मुभा आहे, हे पत्रलेखकाचे म्हणणे खरे. पण त्यापुढची अट त्यांनी गाळली. ते साधन कोणत्याही वीजपुरवठ्यावर अवलंबून असता कामा नये. जीपीएस इथेच बाद होतो. शिवाय साधा जीपीएस जहाज कुठे सरकते आहे ते सांगतो, त्याचे नाक कुठे वळले आहे ते नाही. प्रवाहात आणि वाऱ्यात या दोन दिशा वेगळ्या असतात.

१५० टनांपासून पुढच्या जहाजांना आणि सर्व प्रवासी जहाजांना सुटे होकायंत्रही ठेवावे लागते. ५०० टनांपासून जायरोकंपास किंवा चुंबकावर न चालणारे तसेच दुसरे दिशादर्शक साधन लागते, तरी चुंबकीय होकायंत्राची अट सुटत नाही.

मार्च २०२४ मध्ये बाल्टिमोरला ‘डाली’ या मालवाहू जहाजाची वीज गेली आणि ते पुलावर आदळले. त्यात दोष होकायंत्राचा नव्हता, पण आधुनिक जहाजही अंधारात जाते, हे त्यातून दिसले.

जहाजमालकांना कळकळीची विनंती: होकायंत्राची जुळवणी आणि त्याची उरलेली चूक दाखवणारे डेव्हिएशन कार्ड केवळ तपासणीपुरते ठेवू नका.

– एक निवृत्त जहाज अधिकारी, रत्नागिरी