लेझर अर्ध्या तासाचे, पथ्य तीन महिन्यांचे

मुरमांचे खड्डे, जुने व्रण, डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या लेझरने घालवून देतो, असे सांगणाऱ्या जाहिराती आता मोबाइलवर रोज दिसतात. लोटे औद्योगिक वसाहतीत नोकरी करणारा तरुण असो की खेड-चिपळूणमधली लग्न ठरलेली मुलगी, पहिला प्रश्न एकच असतो : खर्च किती? त्याच्याही आधी विचारायला हवे ते हे, की लेझरनंतरचे दिवस आपण कुठे आणि कसे काढणार? आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेच्या बाबतीत निकाल यंत्राइतकाच त्या दिवसांवर ठरतो.

या उपचाराचे मूळ यंत्र म्हणजे कार्बन डायऑक्साइड लेझर. ते १९६४ मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये कुमार पटेल यांनी तयार केले. पटेल जन्माने बारामतीचे आणि पुण्याच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी. त्वचेतील पाणी या लेझरचा प्रकाश शोषून घेते, त्याची क्षणात वाफ होते आणि त्वचेचा वरचा थर उडून जातो. खालच्या थराला मिळालेल्या उष्णतेमुळे तिथे नवे कोलॅजन तयार होऊ लागते. पूर्वी सगळ्या चेहऱ्याचाच थर काढत. २००४ च्या सुमारास ‘फ्रॅक्शनल’ पद्धत आली. तिच्यात चाळणीसारखी अगदी बारीक छिद्रे पाडतात आणि मधली शाबूत त्वचा ती भरून काढते. भारतीय त्वचेसाठी हीच पद्धत अधिक सुरक्षित मानली जाते. पण पद्धत कुठलीही असो, ही मुद्दाम केलेली जखम आहे. ‘दुपारच्या सुट्टीत लेझर, लगेच कामावर’ ही जाहिरातीतली भाषा फार तर त्वचा न फोडणाऱ्या सौम्य लेझरला लागू पडेल.

फ्रॅक्शनल लेझरनंतर पहिले दोन-तीन दिवस चेहरा सुजतो, उन्हाने भाजल्यासारखी आग होते, थोडे पाणी झिरपते. मग तपकिरी ठिपक्यांची खरखरीत खपली धरते आणि साधारण पाच ते सात दिवसांत आपोआप गळते. ती नखाने काढणे म्हणजे नवा व्रण ओढवून घेणे. सगळा थर काढला असेल तर दहा ते चौदा दिवस लागतात. लाली मात्र काही आठवडे, क्वचित काही महिनेही राहते. कोलॅजन भरून खरा फरक दिसायला तीन ते सहा महिने जातात. मुरमांच्या खड्ड्यांना बहुधा तीन-चार बैठका लागतात आणि त्यानंतरही खड्डे उथळ होतात, नाहीसे होत नाहीत. हे आधीच सांगणारा डॉक्टर मिळाला तर तो सोडू नये.

आपल्याकडचा मोठा धोका काळ्या डागांचा. आपल्या त्वचेत रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी चटकन चेततात. जखम भरली, चेहरा छान दिसू लागला, आणि तीन-चार आठवड्यांनी गालांवर करडे-काळे पट्टे उमटले, असे होऊ शकते. ते बहुतेक वेळा जातात, पण त्याला महिने लागतात. ज्यांना वांग आहे त्यांनी तर फार विचार करावा, कारण लेझरच्या उष्णतेने वांग उलट गडद होऊ शकतो.

हे डाग भडकवते ते ऊन, आणि कोकणात ते चुकवणे सोपे नाही. महामार्गावर रोज दुचाकीने ये-जा करणाऱ्याने एप्रिल-मेमध्ये हा उपचार न घेतलेला बरा. दिवाळीनंतर ते जानेवारी हा काळ त्यातल्या त्यात योग्य. मात्र मध्ये शिमगा येतो, तेव्हा ताज्या त्वचेवर रंग-गुलाल नको. लग्नासाठी करायचे असेल तर सहा महिने आधी सुरुवात करावी. जखम बंद झाल्यावर किमान ३० एसपीएफचे सनस्क्रीन दर दोन-तीन तासांनी लावावे आणि टोपी-ओढणी वापरावी. ढगाळ हवेतही यात सूट नाही. जखम ओली असेपर्यंत सौम्य साबण, पाणी आणि साधी पेट्रोलियम जेली एवढेच पुरे. भेगांवर गुणकारी असलेले घरचे कोकमतेल, हळद, लिंबू यांतले काहीही चेहऱ्याला लावू नये. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेले गोरेपणाचे क्रीमही नको, त्यात बऱ्याचदा स्टिरॉइड असते.

रासायनिक कारखान्यात काम करणाऱ्यांनी आपले काम काय आहे ते डॉक्टरांना नेमके सांगावे. ओल्या जखमेवर मास्क घासणे, घाम आणि रसायनांची वाफ यांतले काहीच चालत नाही. आठवडाभराची रजा मिळणार नसेल तर बैठक पुढे ढकलावी.

लोट्यात या विषयाला आणखी एक बाजू आहे. २० मार्च २०२१ च्या घरडा केमिकल्समधील स्फोटात कामगारांचे जीव गेले. रसायनांच्या कामात भाजण्याची भीती कायमच असते. भाजल्याचा ताठ, ओढला जाणारा, खाजणारा व्रण फ्रॅक्शनल लेझरने मऊ होऊ शकतो, हालचाल सुधारू शकते. याला नटणे म्हणता येणार नाही. आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींतही सौंदर्योपचार वगळले असले तरी अपघात, भाजणे किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना हा अपवाद आहे. डॉक्टरांचे लेखी प्रमाणपत्र घ्यावे आणि पॉलिसी नीट वाचावी. ‘कॉस्मेटिक आहे’ एवढ्या तोंडी उत्तरावर दावा सोडून देऊ नये.

यंत्र कोणाच्या हातात आहे, हेही पाहावे लागते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये केशरोपण आणि सौंदर्योपचारांबाबत स्पष्ट केले की, कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहणे हे पुरेसे प्रशिक्षण नव्हे. तरीही राज्यातला नर्सिंग होम नोंदणी कायदा मुख्यतः रुग्ण दाखल करून घेणाऱ्या ठिकाणांसाठी आहे. त्यामुळे छोट्या लेझर केंद्रांवर लक्ष ठेवण्याचे काम बरेचसे ग्राहकावरच येऊन पडते. महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या क्यूआर कोडवरून डॉक्टरची नोंदणी आणि पदवी तपासता येते. त्वचारोग किंवा प्लास्टिक सर्जरीतील पदव्युत्तर पदवी आहे का, एवढे तरी बघावे. डेरवण आणि रत्नागिरी येथे वैद्यकीय महाविद्यालये आहेत. शंका असेल तर तिथल्या त्वचारोग विभागात आधी दाखवून यावे.

अनेक जण मुंबईला जाऊन बैठक घेतात आणि दुसऱ्या दिवशी कोकण रेल्वेने घरी परततात. त्यांनी लेझरचा प्रकार, तारीख आणि दिलेली औषधे लिहिलेला कागद हातात असल्याशिवाय निघू नये. ओठांवर पूर्वी तापाचे फोड येत असतील, जखमेचे जाड वण वाढत असतील, मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू असेल किंवा तंबाखू-सिगारेट असेल, तर तेही बैठकीआधी सांगावे. घरी आल्यावर तिसऱ्या दिवसानंतर वेदना कमी होण्याऐवजी वाढल्या, पू दिसला, बारीक फोडांचा झुबका उठला किंवा ताप आला, तर तोच कागद घेऊन त्याच दिवशी जवळच्या डॉक्टरकडे जावे.