फायबरच्या नावेचा शेवट कोणाच्या माथी?

प्रति,
महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, मुंबई

काचतंतूंची मॅट आणि पॉलिएस्टर रेझिन यांचे थर साच्यावर चढवून फायबरची नाव तयार होते. लाकडी डोंगा काठावर पडून राहिला तर कुजतो, मातीत मिसळतो. फायबर कुजत नाही आणि घट्ट झालेले रेझिन पुन्हा वितळत नाही, म्हणून भंगारवालाही ते घेत नाही. गडचिरोली जिल्ह्यात प्राणहिता, इंद्रावती, पर्लकोटा या नद्यांच्या काठच्या गावांना नाव हवीच. पुराने भामरागडचा रस्ता तुटतो तेव्हा तिच्याशिवाय गत्यंतर नसते. तिच्यापासून होणारे प्रदूषण मात्र टाळता येते.

रेझिनच्या वजनात साधारण 35 ते 45 टक्के स्टायरीन असते. उघड्या साच्यावर रोलर किंवा फवारा चालवताना त्यातला काही भाग हवेत जातो आणि तो प्रथम कारागिराच्या छातीत उतरतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2018 मध्ये स्टायरीनला ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवले. फवाऱ्याऐवजी रोलर, कमी स्टायरीनचे रेझिन, बंद साच्यात निर्वाताने रेझिन ओढण्याची पद्धत, असे उपाय जगभर रुळले आहेत. निर्वात पद्धतीत प्लास्टिकची पिशवी आणि नळ्या वाया जातात हे खरे, पण कारागिराचा श्वास वाचतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या उन्हाळ्यात आणखी एक अडचण येते. 45 अंशांच्या उष्म्यात हार्डनर मिसळलेले रेझिन डब्यातच लवकर गोठते, म्हणून लागेल तेवढेच कालवणे आणि पहाटे काम करणे हाच कचरा कमी करण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. अवजारे धुतलेले ॲसिटोन जमिनीवर ओतले जाऊ नये. गाळून, ऊर्ध्वपातन करून ते पुन्हा वापरता येते.

मोठा अन्याय आहे तो पुढेच. टायर, बॅटरी, ई-कचरा, प्लास्टिक वेष्टन या सर्वांसाठी 2022 मध्ये उत्पादकाच्या जबाबदारीचे नियम आले. नावेसाठी असा एकही नियम नाही. फ्रान्समध्ये 2019 पासून जुन्या नौका मोडण्याची व्यवस्था उत्पादकांच्या पैशावर चालते. इथे फुटकी नाव काठावर पडली की तिला धनी नाही; ती जाळली तर काजळी आणि काचेचे तंतू गावाने सोसायचे. उघड्यावर कचरा जाळण्यास 2016 च्या घनकचरा नियमांनी बंदी घातली, पण दुसरी सोय दाखवली नाही तर बंदी कागदावरच राहते.

सोय गडचिरोलीच्या शेजारच्याच चंद्रपूर जिल्ह्यात आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2016 मध्येच अशा कचऱ्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि सिमेंट भट्टीत सहप्रक्रियेचा मार्ग दाखवला. भट्टीत रेझिन इंधन म्हणून जळते, काचेतली सिलिका आणि चुना क्लिंकरमध्ये मिसळतात. गडचांदूर, आवारपूर, उपरवाही येथे सिमेंटचे मोठे कारखाने आहेत.

जल कायदा 1974 आणि हवा कायदा 1981 यांनुसार संमतीपत्र देण्याचा अधिकार मंडळाकडे आहे. नाव बांधणाऱ्या प्रत्येक कारखान्याच्या संमतीपत्रात स्टायरीनची मोजणी, द्रावकाचा पुनर्वापर आणि विकलेली नाव शेवटी परत घेण्याची अट घालावी. गडचिरोलीत मोडक्या नावांचे संकलन केंद्र उघडावे, तिथून भट्टीपर्यंतच्या वाहतुकीचा खर्च उत्पादकाकडून घ्यावा आणि हे येत्या पावसाळ्याआधी करावे.