आधी मोजा, मग मागा!

मंडळी, आपल्या होस्टेलमध्ये तीन गोष्टींचा हिशोब कधीच लागत नाही. मेसचं बिल, दोरीवर वाळत घातलेले मोजे आणि फिल्म क्लबच्या हार्ड डिस्कवरचे सिनेमे. पहिल्या दोन गोष्टींवर या अंकात आणखी कुणीतरी लिहिलंच असेल. मी तिसरीबद्दल लिहितोय, कारण तिच्यात थोडी माझीही चूक आहे आणि ती कबूल करायला मॅगझिनपेक्षा बरी जागा सापडली नाही.

तर झालं असं. गेल्या सेमिस्टरला एका रविवारी रात्री कॉमन रूममध्ये 'श्वास' लावला होता. २००४ साली आलेला हा चित्रपट. 'श्यामची आई'नंतर तब्बल ५० वर्षांनी मराठीला राष्ट्रीय पुरस्कारांतलं सुवर्णकमळ मिळवून दिलं ते यानेच. फर्स्ट इयरची पोरं गाद्या घेऊन आली होती. रेक्टर सर मागच्या खुर्चीत होते. मेसचे काका भांडी आवरून 'दोन मिनिटं बघतो' म्हणून दाराशी उभे राहिले आणि तिथेच खिळले. आजोबा नातवाला घेऊन हॉस्पिटलमधून नाहीसे होतात इथपर्यंत गोष्ट आली, आणि पडद्यावर हिरवे चौकोन! मग चित्र थिजलं. मग काहीच नाही. पुढे ढकलून बघितलं, दुसऱ्या प्लेअरवर लावून बघितलं, डिस्क काढून पुन्हा लावली. सिनेमा तिथेच संपत होता. कुणीतरी कधीतरी कॉपी चालू असताना डिस्क उपटली असणार. पोरं शिट्ट्या मारत पांगली. काका मात्र जाता जाता मला विचारून गेले, "पुढं काय झालं ओ त्या पोराचं?"

दुसऱ्या दिवशी क्लबची मीटिंग झाली. एकमताने ठरलं की डिस्क जुनी झाली, शिवाय भरत आली, तेव्हा कॉलेजकडे नवी मोठी डिस्क मागायची. अर्जाचा मसुदासुद्धा तयार! मी म्हटलं, अरे, आहे त्या डिस्कवर काय आहे ते तरी बघू. यावर "तूच बघ मग" असा ठराव तितक्याच एकमताने पास झाला.

आता क्लबची एक यादी होती. सीनियर्सनी बनवलेली एक्सेल शीट, तिच्यात ६१२ सिनेमे. डिस्क दोन टीबीची. एकेक फोल्डर उघडून, एकेक सिनेमा लावून बघायचा म्हटलं तर माझी डिग्री आधी संपली असती. म्हणून लिनक्सची काळी खिडकी उघडली. (संपादकांनी बजावलंय की मराठी विभागात रोमन अक्षर दिसता कामा नये. त्यामुळे कमांड उच्चाराप्रमाणे लिहितोय. स्पेलिंग लॅबमध्ये विचारून घ्या.)

पहिली कमांड 'फाइंड'. डिस्कवरच्या सगळ्या फायली, फोल्डरच्या पोटातल्या फोल्डरमधल्यासुद्धा, ती ओळीने मांडते. ती यादी 'डब्ल्यूसी'ला दिली की आकडा मिळतो. इथेच माझी पहिली फजिती झाली. माझ्या स्क्रिप्टने 'दो आँखें बारह हाथ' या एका सिनेमाचे चार सिनेमे केले! नावात मोकळी जागा आली की शेल त्याचे तुकडे पाडतो हे ओरल्सला मी छातीठोकपणे सांगितलं होतं, पण स्वतःवर वेळ आल्यावर विसरलो. उपाय सोपा आहे. 'फाइंड'ला 'प्रिंट झिरो' सांगायचं आणि 'एक्सआर्ग्ज'ला शून्याचा पर्याय द्यायचा. मग जागा, अवतरणचिन्हं, काही आडवं येत नाही. खरा आकडा निघाला ६८०.

वाटलं, वा! यादीपेक्षा जास्तच आहेत. पण यादी आणि डिस्क शेजारी ठेवून जुळवल्यावर कळलं की यादीतले ४१ सिनेमे डिस्कवर नाहीतच, आणि डिस्कवरचे २७ यादीत नाहीत. बाकी ८२ फायली म्हणजे एकाच सिनेमाच्या दोन-दोन, तीन-तीन प्रती.

हसू नका. आपल्या इथून बसने अर्ध्या तासावर, लॉ कॉलेज रोडला, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. १९६४ साली स्थापन झालेलं, २०२२ पासून एनएफडीसीच्या अखत्यारीत असलेलं. पी. के. नायर यांनी तिथे आयुष्य घातलं आणि सुमारे १२ हजार चित्रपट जमवले. अशा ठिकाणी रिळांच्या डब्यांना बारकोड लावायचं काम निघालं, तेव्हा नोंदवह्यांत असलेले ५० हजारांहून जास्त डबे प्रत्यक्ष मोजणीत मिळाले नाहीत, आणि जवळजवळ पाच हजार डबे असे मिळाले की ज्यांची नोंदच नव्हती, असं २०१७ मध्ये वृत्तपत्रांत छापून आलं होतं. आता मोजणीत न सापडणं म्हणजे हरवलंच असं नाही, नोंद चुकलेली असू शकते, हे आमच्या ४१ सिनेमांवरून मीही सांगू शकतो. पण मुद्दा तोच. वही एक सांगते, कपाट दुसरंच सांगतं, आणि मोजल्याशिवाय कोण खरं बोलतंय ते कळत नाही.

दुसरी पायरी, जुळ्या प्रती शोधणं. त्यासाठी 'शा-२५६-सम'. ही कमांड फाईल पहिल्या बिटपासून शेवटच्या बिटपर्यंत वाचते आणि ६४ अक्षरांचा एक ठसा काढते. एक बिट जरी बदलला तरी ठसा पार बदलतो. दोन फायलींचा ठसा एकच म्हणजे फायली एकच, मग नावं काहीही असोत. सगळे ठसे 'सॉर्ट' करून 'युनिक'मधून काढले की जुळ्या प्रती आपोआप बाहेर पडतात. मात्र एकच सिनेमा दोन वेगळ्या डीव्हीडींवरून घेतला असेल तर ठसे जुळत नाहीत. तिथे डोळेच वापरावे लागतात.

आणि आता माझी चूक. ही कमांड चालवायच्या आधीच, उत्साहाच्या भरात, मी 'उघड उघड डबल' दिसणाऱ्या दोन-चार फायली हातानेच उडवल्या होत्या. त्यातली एक होती 'एकांकिका फायनल'. शेजारी 'एकांकिका फायनल नवीन' होतीच. साइझही जवळपास सारखी. मी जुनी उडवली. आपल्या कॉलेजने सात वर्षांपूर्वी पुरुषोत्तम करंडकाला केलेल्या एकांकिकेचं हे रेकॉर्डिंग. आठवड्याने 'नवीन' लावून बघितली तर चित्र एकदम स्वच्छ, आणि आवाजच नाही. आवाज होता तो जुन्या फायलीत. तोवर त्या जागेवर दुसरं काही लिहून झालं होतं, त्यामुळे रिकव्हरी सॉफ्टवेअरलाही काही सापडलं नाही. त्या बॅचच्या सात-आठ जणांना फोन केले, कुणाकडेच प्रत नव्हती. प्रत्येकाला वाटत होतं, क्लबच्या डिस्कवर आहे ना! त्यात बापाचं काम केलेला सीनियर एवढंच म्हणाला, "आवाज नाही का रे? बरं, ठीक आहे." शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. आता आपल्या संग्रहात तो एक मूकपट आहे.

तिसरी पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कंटाळवाणी. फाईल आहे हे कळलं, पण ती धड आहे का? 'एफएफप्रोब' नावाची कमांड सिनेमाची लांबी, कोडेक, चित्राचा आकार, आवाजाचे ट्रॅक असं सगळं सांगते. एकांकिकेवर आधी ही चालवली असती तर आवाजाचा ट्रॅक नाही हे दोन सेकंदांत कळलं असतं. पण हिच्यावरही पूर्ण विसंबू नका. लांबी ती बहुतेक वेळा फाईलच्या सुरुवातीच्या नोंदीतून वाचते. अर्धवट कॉपी झालेला आमचा 'श्वास' तिलाही पूर्ण लांबीचाच वाटला होता. डब्यावरचं लेबल वाचणं आणि डबा उघडून रीळ बघणं यात फरक आहे तो हाच. रीळ बघायचं तर 'एफएफएमपेग'ला सांगायचं की सिनेमा पहिल्या फ्रेमपासून शेवटपर्यंत उलगड, कुठेही साठवू नकोस, फक्त चुका लिहून ठेव. माझ्या रूमीचा पीसी यासाठी तीन रात्री घरघरत होता, आणि रूमी माझ्या नावाने. शेवटी १९ फायलींत चुका निघाल्या. बऱ्याच किरकोळ होत्या, सात मात्र कामातून गेलेल्या.

जुनी अ‍ॅसिटेट फिल्म सडायला लागली की व्हिनेगरसारखा वास येतो म्हणे. कपाट उघडणाऱ्याला निदान कळतं तरी. फाईल सडली तर वास येत नाही. आयकॉन तसाच हसतमुख, नाव तसंच. मेसचे काका दाराशी उभे असतात तेव्हाच कळतं.

कुणी म्हणेल, एवढं सगळं माऊसने क्लिक करूनही होतं. होतं ना! पण माऊसने केलेलं काम माऊसबरोबर संपतं. कमांड लिहून ठेवता येते, पुढच्या वर्षीच्या ज्युनिअरला देता येते, आणि तो तीच तपासणी तशीच पुन्हा करू शकतो. ठशांची यादी एकदा जपून ठेवली की पुढच्या वर्षी 'शा-२५६-सम'ला तीच यादी देऊन विचारायचं, काय बदललं? ती नेमकी त्याच फायली दाखवते. एकदाची हौस आणि ऑडिट यात हाच फरक.

पण एक गोष्ट कोणतीच कमांड सांगत नाही. फाईल किती मोलाची आहे. 'शोले' बिघडला तर दुसरीकडे मिळेल. एकांकिका मिळणार नाही. हे आपल्याला उशिरा कळतं, आणि ही सवय जुनी आहे. ३ मे १९१३ ला झळकलेल्या फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'चा आज काही भागच उरलाय. १९३१ च्या 'आलम आरा'ची, आपल्या पहिल्या बोलपटाची, एकही प्रत सापडत नाही. मूकपटांच्या काळात हजाराहून जास्त चित्रपट बनले, त्यातले अगदी थोडे उरले. कितीतरी रिळं त्यातल्या चांदीसाठी वितळवली गेली. ८ जानेवारी २००३ ला इथे पुण्यातच, फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात, नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि प्रभातच्या मूळ फिल्मही त्यात गेल्या. ज्या प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० साली इन्स्टिट्यूट उभी राहिली, त्याच आवारात! चांदी काढणाऱ्यांना आपण नावं ठेवतो, पण मी दीड जीबी जागेसाठी वेगळं काय केलं?

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात असं. दरवर्षी क्लबचा चार्ज पुढच्या बॅचकडे देताना या तीन तपासण्या झाल्याच पाहिजेत. आकडा जुळवा, ठसे काढा, सिनेमा उलगडून बघा. तपासणीच्या दिवशी काहीही डिलीट करायचं नाही. आधी यादी, मग दोघांनी बघायचं, मग हात लावायचा. यादीत दोन रकाने वाढवायचे. पहिला, 'दुसरीकडे मिळेल का?' ज्याच्यापुढे 'नाही' असेल, म्हणजे आपल्या एकांकिका, गॅदरिंग, पोरांनी केलेल्या शॉर्ट फिल्म्स, त्याची दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत हवी. दुसरा रकाना, 'आला कुठून?' आता इथे काही जण खोकतील. क्लबने विकत घेतलेल्या डिस्क आणि आपली स्वतःची रेकॉर्डिंग सोडली तर बरेच सिनेमे 'आपोआप आलेले' आहेत. ते क्लबच्या नावावर मिरवू नयेत असं माझं मत आहे. सरांनी विचारण्याआधी आपणच ठरवलेलं बरं.

आणि हो, अर्ज आम्ही पुन्हा लिहिलाय. डिस्क अजूनही हवीच आहे. पण जास्त सिनेमे भरायला नको, आहेत त्यांची दुसरी प्रत ठेवायला हवी आहे. दुहेरी प्रती काढल्यावर जुन्या डिस्कवरच दीडशे जीबीच्या वर जागा मोकळी झाली. सोबत मोजणीचा कागद जोडलाय. रेक्टर सर म्हणाले, होस्टेलकडून इतका आकडेवार अर्ज पहिल्यांदाच आला!

'श्वास'ची डीव्हीडी आम्ही वर्गणी काढून आणली. आधी पूर्ण उलगडून तपासली, मग एका रविवारी पुन्हा लावली. काका या वेळी पुढे, गादीवर बसले. सिनेमा संपल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्या ताटात न मागता एक जास्तीची पोळी होती. मी मोजली.