दोन याद्या, दोन लूप आणि एक राहिलेलं नाव



शेल स्क्रिप्टमध्ये 'लूपच्या आत लूप' हा पाठ आला की बहुतेक ठिकाणी ताऱ्यांचा त्रिकोण काढायला देतात. पहिल्या ओळीत एक तारा, दुसरीत दोन, तिसरीत तीन. मला हा त्रिकोण कधी पटलाच नाही. पोरं तो पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. त्यापेक्षा त्यांच्या हातात दोन याद्या द्या, असं माझं स्पष्ट मत आहे. शाळेत याद्यांना काय तोटा?

आमच्या वाडीचंच बघा. अमरावती रोडला ट्रान्सपोर्टवाले आणि गोदामं. कामासाठी कुटुंबं येतात, काम संपलं की जातात. जूनमध्ये नाव घातलेलं पोरगं दिवाळीनंतर दिसेलच असं नाही. शाळेत एक यादी हजेरीपटावर, दुसरी युडायस प्लसच्या पोर्टलवर. दोन्ही जुळल्या पाहिजेत. शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि ६१ ते ९० मुलांना तीन शिक्षक सांगितले आहेत. आता सांगा, एकसष्टावं नाव यादीतून गळलं तर काय होईल?

तुम्ही हाताने याद्या कशा ताडता? हजेरीपटावरच्या एका नावावर बोट ठेवता आणि दुसरी यादी वरून खाली वाचत जाता. सापडलं की थांबता, बोट खालच्या नावावर. हाच लूपच्या आतला लूप. बाहेरचा लूप म्हणजे बोट, आतला म्हणजे डोळे. एवढं सांगितलं की वर्गातलं शेवटच्या बाकावरचं पोरगंही मान हलवतं.

चूक पुढे होते. आतल्या लूपमध्ये नाव जुळलं नाही की लगेच 'सापडलं नाही' छापायचं, असं जवळजवळ प्रत्येक जण लिहितो. मग ४०० नावांच्या यादीत एकाच मुलासाठी तीनशे-साडेतीनशे वेळा 'सापडलं नाही' येतं, आणि मूल तर यादीत असतं! म्हणून बाहेरच्या लूपच्या सुरुवातीला एक खूण शून्य करायची, आत जुळलं की ती एक करून ब्रेक द्यायचा, आणि आतला लूप संपल्यावरच खूण बघायची. पूर्ण यादी वाचल्याशिवाय कोणाला गैरहजर म्हणायचं नाही. मग याद्यांची अदलाबदल करून पुन्हा चालवायचं, म्हणजे पोर्टलवर आहे पण दाखला घेऊन गेलंय असं मूलही कळतं.

दुसरी गंमत म्हणजे फॉर लूप मोकळ्या जागेवर शब्द तोडतो. नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहिलेलं एक मूल म्हणजे त्याच्या लेखी तीन मुलं. ओळीने वाचायचं तर व्हाइल आणि रीड वापरा.

काही जण म्हणतील, सर, एवढा खटाटोप कशाला? ग्रेप एका ओळीत हे करतं. खरं आहे. ४०० गुणिले ४०० म्हणजे १,६०,००० तुलना, आणि मतदारयादीसारखी मोठी यादी असेल तर लूप लावूच नका. दोन्ही याद्या सॉर्ट करा आणि कॉम ही आज्ञा द्या. पण ग्रेपला 'पूर्ण ओळ जुळली पाहिजे' असं एक्स लावून सांगितलं नाही, तर राम शोधताना रामदासही चालतो त्याला. ज्याने एकदा स्वतः लूप लिहिलाय त्याला हे पटकन उमगतं.

आणि खरी डोकेदुखी ना लूपमध्ये आहे ना ग्रेपमध्ये. ती नावात आहे. एकीकडे पूजा, दुसरीकडे पुजा. एकीकडे सिंह, दुसरीकडे सिंग. हजेरीपटावर आडनाव आधी, पोर्टलवर शेवटी. वऱ्हाडे हे आडनाव दोन संगणकांवर दोन पद्धतींनी टाइप होतं. डोळ्याला अगदी सारखं, पण आतले संकेतांक वेगळे. शेलला ती दोन वेगळी माणसं वाटतात. विंडोजवर जतन केलेल्या यादीत तर प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं अक्षर असतं, त्यामुळे एकही नाव जुळत नाही आणि पोरं बिचारी लूपमध्येच चूक शोधत बसतात. टीआर वापरून ते अक्षर आधी काढून टाका.

म्हणून माझं म्हणणं, नावं ताडूच नका, विद्यार्थी क्रमांक ताडा. क्रमांकाला ऱ्हस्व-दीर्घ नसतं. ज्या मुलाला अजून क्रमांकच मिळाला नाही त्याची वेगळी यादी करा आणि ती मशीनला देऊ नका. ती घेऊन वर्गात जा, नाव पुकारा, आणि कोण 'हजर' म्हणतं ते बघा.