जीप उंच करायची... पण किती?

आपल्या जिल्ह्यात जुनी महिंद्रा जीप अजून थकलेली नाही. पांढरकवडा, झरी-जामणी, घाटंजीकडे गेलात की एमएच-29 ची एखादी तरी कापसाचं बियाणं, खताची पोती किंवा अख्खं वऱ्हाड घेऊन पांदणीतून येताना दिसतेच. सुट्टीत घरी गेलेला मेकॅनिकलचा पोरगा ती बघतो आणि त्याच्या अंगात इंजिनिअर संचारतो. "बाबा, हिला लिफ्ट करू!" बजेट मात्र मेसच्या थकलेल्या बिलाएवढं! माझ्या मामाकडेही एमएम-540 आहे, त्यामुळे हॉस्टेलच्या गच्चीवर या विषयावर मी पुष्कळ घसा कोरडा केला आहे. माझं मत सरळ आहे. जुन्या जीपला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत चांगली लिफ्ट म्हणजे तिची स्वतःची हरवलेली उंची.

आधी अडतं कुठे ते पाहू. काळ्या मातीच्या पांदणीत बंड्या आणि ट्रॅक्टर दोन खोल चाकोऱ्या पाडतात, मध्ये उंच वरंबा राहतो. जीप अडकते ती त्या वरंब्याला डिफरेन्शियलचा गोळा टेकतो म्हणून. आता पाटे कितीही उंच करा, वर जाते ती चेसिस आणि बॉडी. गोळा आसावर आणि आस चाकांवर, तो जागचा हलत नाही! त्याला उचलतो फक्त टायर. टायरचा व्यास 2 इंच वाढला, तर गोळा 1 इंच वर येतो. एवढी साधी भूमिती लक्षात घेतली, तरी निम्मा खर्च वाचतो.

आता गॅरेजमध्ये सांगितले जाणारे स्वस्त उपाय बघा. पहिला, लांब शॅकल. शॅकल 2 इंच लांब केली की जीप जेमतेम 1 इंच उचलते आणि पुढच्या आसाचा कॅस्टर कोन बदलतो. मग वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होईना! दुसरा, पाट्यात एक पत्ती जास्त घालणे. सारख्या जाडीच्या सात पत्त्यांना आठवी जोडली की ताठरपणा साधारण 14 टक्क्यांनी वाढतो. रोज पोती वाहणाऱ्याला ते चालेल, रिकाम्या जीपमध्ये मात्र पाठीचे मणके मोजून घ्यावेत. तिसरा सगळ्यांच्या आवडीचा. या जीपचे पाटे विलीजच्या काळापासून आसाच्या खालून बांधलेले असतात, ते आसावर घ्यायचे. चार-पाच इंच उंची एका झटक्यात, नवे पाटेही नकोत! पण प्रोपेलर शाफ्टचा कोन, स्टिअरिंगचा ड्रॅग लिंक, ब्रेकचे होज, शॉकअप हे सगळं मग नव्याने जुळवावं लागतं. स्वस्त म्हणून सुरू केलेलं काम इथेच महागात पडतं.

आणि खरी किंमत पैशात नाही. दोन चाकांमधलं अंतर 48 इंच आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून 26 इंचांवर धरा. कागदावर जीप सुमारे 43 अंशांच्या बाजूच्या उतारापर्यंत तग धरते. गुरुत्वमध्य 4 इंच वर नेला की तोच आकडा 39 वर येतो आणि वळणावर उलटण्याविरुद्धचा आधार 13 टक्क्यांनी घटतो. यात टपावरचं सामान आणि मागे दाटीवाटीने बसलेली दहा माणसं धरलेलीच नाहीत. आपल्याकडे जीप शौकाला कमी आणि माणसं न्यायला जास्त वापरतात, हे विसरून कसं चालेल?

कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा फेरफार चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हेच सांगितलं. 15 वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला न्यावीच लागते. तिथे चार इंचांचं उत्तर काय देणार?

मग करायचं काय? जीप सपाट जागी उभी करा आणि चारही बाजूंना आसापासून चेसिसपर्यंतचं अंतर मोजा. जुन्या पाट्यांची कमान बसलेली असते, बहुतेक वेळा एका बाजूला जास्त. तुटक्या पत्त्या बदला, पाट्यांना कमान परत द्या, पण गॅस कटरने तापवून नाही, कारण त्याने पोलादाचा टेम्पर जातो. थंड ठोकून देणारा कारागीर शोधा. बुश, यू-बोल्ट नवे टाका. शेवटी कंपनीने त्या मॉडेलला मान्य केलेल्या मापांतला मोठ्यात मोठा, खोल नक्षीचा टायर घ्या. एवढ्यावर बहुतेक पांदणी पार होतात.

ज्या पांदणीत तरीही गोळा टेकतो, तिथे ग्रामपंचायतीकडे मुरूम मागा. सगळ्या गावाला उपयोगी पडणारी लिफ्ट तीच!